मदत हवी आहे: हा मासा शिंगाळा की शिंगटी?

काठावरची

नमस्कार मंडळी. काल सकाळी नदीवर पक्ष्यांचे फोटो काढायला गेले होते. पक्षी राहिले बाजूला. एका काकांच्या जाळ्यात मिशावाला मासा आला होता, तो त्यांनी "घे, शिंगाळा" म्हणून माझ्या हातात दिला. त्यांचा पुतण्या म्हणाला, "शिंगाळा कसला, शिंगटी आहे ती." दोघांचं तिथंच जुंपलं आणि मी मासा धरून मध्ये उभी. शेवटी लहान आहे म्हणून काकांनी तो पाण्यात सोडून दिला. मासा गेला, वाद उरला.

माझ्याकडे पाच फोटो आहेत, खाली डकवलेत. वर्णन असं:

लांबी एक वीत आणि दोन बोटं, म्हणजे शेपटीसकट २५-२६ सेंमी. खवले नाहीत. अंग रुपेरी करडं, पोट पांढरं. मिशा तीन जोड्या. वरच्या जबड्याची जोडी भलतीच लांब, मागे ओढली तर शेपटीच्या बुडाला टेकते. पाठीवर एकच पर, त्याच्या पुढच्या कडेला काटा. शेपटी दुभंगलेली, वरचं टोक किंचित लांब. पाठीच्या पराच्या बुडाशी, पुढच्या बाजूला काळा ठिपका आहे, पण तो चिखलही असू शकतो.

घरी येऊन एक जुनं पुस्तक चाळलं, त्यात शिंगाळ्याचं 'मिस्टस सींघाला' असं शास्त्रीय नाव सापडलं. इंटरनेटवर त्याच चित्राखाली 'स्पेराटा सींघाला' आहे. आता मी पुरती गोंधळले आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रात्रपाळी

मांगूर. डोळे झाकून सांगतो.

गाळातला_गडी

रात्रपाळी, डोळे उघडून बघा की! मांगूरच्या पाठीवरचा पर डोक्यामागून निघतो तो जवळजवळ शेपटीपर्यंत जातो, आणि शेपटी गोल असते. इथे पर आखूड आहे, शेपटी कात्रीसारखी. मांगूर बाद.

कोणी शिवडा म्हणायच्या आत तोही बाद करून टाकतो. शिवड्याला मिशांच्या दोनच जोड्या. तोंडाची चीर डोळ्याच्याही मागे जाते, पाठीवर एवढासा पर, आणि पोटाखालचा गुदपर इतका लांब की शेपटीपर्यंत झालरच लावल्यासारखी दिसते. ताईंच्या माशाचा गुदपर आखूड आहे.

ताई, दोन गोष्टी पुन्हा तपासा. मिशा खरंच तीन जोड्या आहेत का? आणि पाठीवर दुसरा पर नाही हे नक्की का? या दोन उत्तरांवर सगळं अडलंय.

काठावरची

मिशा मी दोनदा मोजल्या हो. वर एक जोडी, खाली हनुवटीला दोन. तीनच.

गाळातला_गडी

मग नाकाकडे बघा. फोटो क्र. २ मोठा करा आणि डोळ्याच्या पुढे, नाकपुडीपाशी शोधा. तिथली मिशी बारीक आणि आखूड असते. मासा पाण्याबाहेर काढला की ती ओल्या कातडीला चिकटून बसते. शंभरातले नव्वद जण तिथंच चुकतात, मीही चुकलोय.

हा हट्ट यासाठी की खरोखर तीनच जोड्या निघाल्या तर आपण 'रिटा' या वेगळ्याच गटात जातो. रुंद डोकं, पाठीवरचा जाडजूड काटा, आणि मिशा तीन जोड्या. चार निघाल्या तर मिस्टस (शिंगटीचा गट) किंवा स्पेराटा (शिंगाळ्याचा गट), म्हणजे तुमच्या काका-पुतण्याचं भांडण.

दुसऱ्या पराचंही तसंच. पाठीवरच्या काटेरी परामागे शेपटीच्या बाजूला एक मऊ, मांसल पर असतो, त्याला अॅडिपोज फिन म्हणतात. त्यात काडी नसते, त्यामुळे पाण्याबाहेर तो उभा राहत नाही, पाठीवर लोळतो. ओल्या माशावर नुसती कातडीची घडी वाटते.

काठावरची

अरे देवा. आहे! नाकपुडीपाशी दोन बारीक केसांसारख्या मिशा आहेत, एक फोटोत अर्धवट दिसतेय. म्हणजे चार जोड्या.

आणि पाठीवर ज्याला मी चरबीचा वळ समजत होते तोच तो पर असणार. फोटो ४ मध्ये तो काटेरी पराच्या मागून लगेच सुरू होतो आणि बराच मागेपर्यंत जातो. पहिल्या परापेक्षा लांब आहे, दुपटीहून जास्तच.

सहज_बघतो

विषय जरा बाजूला नेतो. काटा लागला का हाताला?

काठावरची

लागला ना! छातीजवळच्या पराचा. तासभर ठणकत होतं. आणि हातात असताना तो किर्र किर्र आवाज करत होता. मला आधी वाटलं माझीच चप्पल वाजतेय.

सहज_बघतो

चप्पल नव्हे, मासाच. छातीच्या पराचा काटा खोबणीत घासून हे मासे आवाज काढतात. तोच काटा सांध्यात अडकवून ताठ उभाही ठेवतात, मग वरून कितीही दाबला तरी खाली बसत नाही. जाळ्यात गुंततात ते त्यामुळेच. काट्याच्या आवरणात विषग्रंथी असतात. पुढच्या वेळी ठणका लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, उष्णतेने ते विष निकामी होतं. हात भाजून मात्र घेऊ नका. काटा आत मोडला असेल किंवा सूज चढत गेली तर सरळ डॉक्टर.

गाळातला_गडी

आता खरी मजा. चार जोड्या मिशा, लांब मांसल पर, आखूड गुदपर, दुभंगलेली शेपटी. काका म्हणतात शिंगाळा, पुतण्या म्हणतो शिंगटी. मी पुतण्याच्या बाजूने.

कारण शिंगाळ्याचा मांसल पर साधारण काटेरी पराएवढाच लांब असतो, आणि दोन्ही परांच्या मध्ये मोकळी जागा दिसते. त्या मांसल पराच्या मागच्या टोकाला ठसठशीत काळा डाग असतो. शिंगाळ्याची तीच खूण. तुमच्या फोटोत तिथे काही नाही. शिवाय शिंगाळ्याचं थोबाड लांब, चपटं, पुढे पसरट असतं, आणि वरच्या मिशा शेपटीपर्यंत पोहोचत नाहीत. तुमच्या माशाच्या पोहोचतात.

नुसत्या मिशांवर मात्र विसंबू नका. शिंगाळ्याचाच भाऊबंद स्पेराटा आओर, त्याच्या मिशा शेपटीच्या बुडापर्यंत जातात. म्हणून मी मांसल पराकडे आधी बघतो, मिशांकडे नंतर. काळा ठिपकाही चिखल नसावा. पाठीच्या काट्याच्या बुडाशी, पुढच्या बाजूला ठिपका, लांबच लांब मांसल पर आणि शेपटीपर्यंत मिशा, हे तिन्ही एकत्र आले की मिस्टस कॅव्हेसियसचा गट, म्हणजे आपली शिंगटी.

काठावरची

म्हणजे पुस्तक चुकलं? त्यात तर शिंगाळ्यालाच मिस्टस म्हटलंय.

गाळातला_गडी

पुस्तक चुकलं नाही, जुनं झालं. शिंगाळा पूर्वी मिस्टसमध्येच होता. मग काही वर्षं ऑरिक्थिस झाला, आता स्पेराटा. प्रजातीचं नाव तेच राहिलं, आडनाव बदलत गेलं.

दप्तरातली_पेन्सिल

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. सींघाला हे नाव आपल्याच शिंगाळ्यावरून पडलंय! कर्नल विल्यम सायक्स मुंबई सरकारच्या नोकरीत असताना दख्खनभर फिरला, आणि १८३९ मध्ये त्याने इथल्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. शिंगाळ्याचं 'सींघाला' त्याचंच, आणि 'सींगटी' नावाचा मासाही त्याचाच. लोक काय म्हणतात ते ऐकायचं आणि इंग्रज कानाला जसं पोहोचलं तसं लॅटिनच्या पंगतीला बसवायचं. तेव्हा तुमचे काका-पुतणे नकळत शास्त्रीय नावांवरच भांडत होते.

गाळातला_गडी

वा! आणि गंमत पुढे आहे. सायक्सची सींगटी पुढे कॅव्हेसियसमध्येच मिसळली गेली. कॅव्हेसियसचं वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन या निसर्गअभ्यासकाने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांसोबत केलं होतं, ते आधीचं म्हणून तेच नाव चाललं. २००५ मध्ये या गटाची फेरतपासणी झाली तेव्हा द्वीपकल्पातला मासा पुन्हा वेगळा काढला आणि मिस्टस सींगटी हे नाव परत वापरात आलं. त्यामुळे जुन्या याद्यांमध्ये दख्खनच्या नद्यांपुढे 'कॅव्हेसियस' दिसलं तर लगेच विश्वास ठेवू नका.

ताई, नदी दख्खनची असेल तर मी वहीत 'मिस्टस सींगटी, बहुधा' असं लिहीन. 'बहुधा' खोडू नका. कॅव्हेसियस आणि सींगटी इतके सारखे आहेत की हातातल्या फोटोवरून निवाडा देणं बरं नाही, त्याला मासा समोर ठेवून मापं घ्यावी लागतात.

काठावरची

नदी दख्खनचीच. मग पुढच्या वेळी फोटो कसा काढू?

गाळातला_गडी

पारदर्शक डबा न्या. त्यात नदीचंच पाणी भरा, मासा आडवा दिसेल असा ठेवा आणि काचेसमोरून फोटो घ्या. पाण्यात मिशा सुटतात, मांसल पर उभा राहतो, निम्मे वाद तिथंच मिटतात. डब्याच्या कडेला मोजपट्टी चिकटवा, वीत प्रत्येकाची वेगळी. डोकं वरून एकदा, खालून एकदा. लांबी दोन प्रकारे घ्या: शेपटीसकट, आणि थोबाडाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत. शेपट्या तुटलेल्या असतात, म्हणून दुसरी जास्त कामाची. मिनिट-दोन मिनिटांत उरका आणि सोडून द्या.

रंग सगळ्यात शेवटी लिहा. गढूळ पाण्यातला फिकट असतो, मेल्यावर अजूनच बदलतो.

रात्रपाळी

मांगूर मागे घेतो.

काठावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना हे कसं सांगायचं ते बघते, पुतण्या आधीच डोक्यावर बसलाय म्हणे. फोटोच्या फोल्डरचं नाव 'शिंगाळा नक्की' ठेवलं होतं, ते बदलून 'शिंगटी बहुधा' केलंय.