गळतंय कुठं, दिसतंय कुठं: घरातल्या गळतीचा शोध कसा लागला?

आमच्या हॉलच्या भिंतीचे पोपडे पडायला लागल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण एक उपाय सांगून जातो. कोणी म्हणतं केमिकल मारा, कोणी म्हणतं फरशी उखडा, एकजण थेट वास्तुदोषावर गेले. पाणी मुळात येतं कुठून, ते शोधायचं कसं, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून नागपूरकरांसाठी हा धागा. तुमच्याकडे उगम कोणत्या खुणेवरून सापडला तेवढं लिहा. वॉटरप्रूफिंगच्या जाहिराती नकोत.

सुरुवात मी करतो. रात्री सगळे नळ बंद करून मीटर पाहिला. आकड्यांशेजारची बारीक चकती जराशा धारेनंही फिरते, आमची ढिम्म. पण मीटरवरून कळते ती रस्त्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंतची लाइन. टाकीखाली काय चाललंय ते त्याला काय कळणार! मग टाकीत येणारं पाणी बंद केलं, काठी बुडवून पातळी मोजली. सकाळी पाणी बोटभर उतरलेलं. आमच्या टाकीला दोन आउटलेट आहेत, बाथरूमचं आणि स्वयंपाकघराचं. आळीपाळीनं एकेक बंद ठेवलं. स्वयंपाकघराचं बंद होतं त्या रात्री पातळी हलली नाही. सिंकमागे आरओसाठी काढलेला टी, म्हणजे पाइपचा फाटा, झिरपत होता. हॉलची ओली भिंत तिथून चांगली आठ-दहा फूट लांब!

प्रतापनगर, फ्लॅट

आमच्याकडे बेडरूमच्या खिडकीवर, छताच्या कोपऱ्यात डाग. वरच्यांचं बाथरूम त्या बाजूला नाहीच, तरी सोसायटीतले सगळे बाथरूमच धरून बसले होते. मला एकच गोष्ट खटकायची. डाग एप्रिलमध्ये उमटायचा आणि जूनच्या शेवटी वाळायचा. पावसाळ्यात वाळणारी गळती कधी ऐकली का?

नागपूरकरांना पुढचं सांगायला नको. कूलर.

वरच्या काकू ऐकेनात. "आमचा कूलर नवा आहे बाप्पा, थेंब नाही पडत त्याचा." शेवटी त्यांना विनंती केली की पंप बंद ठेवा, नुसता पंखा चालवा. मे महिन्यात असं सांगायला तोंड लागतं, आणि त्यांनी ते ऐकलं हे उपकारच. मी डागाच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती. पंप बंद होता तोवर डाग रेघेच्या आत राहिला. पंप सुरू झाला आणि सकाळी डाग रेघेबाहेर.

मग सगळे मिळून कूलर पाहायला गेलो. वरच्या ट्रेची भोकं क्षारानं बुजलेली होती. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर नखानं निघेना, खिळ्यानं टोकरावा लागला. पाणी गवतावर पडायच्या ऐवजी ट्रेच्या मागच्या काठावरून बाहेर जायचं, बाहेरच्या पट्ट्यांवरून स्टँडवर उतरायचं. स्टँडचा अँगल भिंतीत बोल्टानं ठोकलेला. पाणी अँगलवरून सरकत बोल्टाच्या भोकात, तिथून भिंतीत, तिथून आमच्या छतावर. काकू खोटं बोलत नव्हत्या, थेंब खरंच खाली पडत नव्हता. ट्रे साफ केला, बोल्टाभोवती सिमेंट भरलं, स्टँडला बाहेरच्या बाजूनं थोडा उतार दिला. काम एका दुपारचं, भांडण मागच्या उन्हाळ्यापासूनचं.

महाल

जुनं घर, जीआयचे म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप, सफेदा-सुतळीचे जोड. आमच्या प्लंबरकाकांनी काही फोडलं नाही. मध्यरात्री आले, सळईचं एक टोक पाइपला लावलं, दुसरं कानाला. प्रत्येक जोडापाशी ऐकत गेले. जिन्याखाली थांबले आणि म्हणाले, "इथं फोडा." तिथंच निघालं. दिवसा गल्लीतल्या गाड्यांच्या आवाजात हे जमत नाही.

नंदनवन, प्लंबर

मी याच धंद्यात आहे. पार्टी फोन करते अन् पहिलंच वाक्य, "भाऊ, टाइल फोडाव्या लागतील का?" अरे थांबा ना. आधी मले हे सांगा, ओल केव्हा वाढून राहिली? रात्रंदिवस सारखीच असली तर प्रेशरची लाइन पाहा, म्हणजे नळाले येणारी, सदा पाण्यानं भरलेली. आंघोळी झाल्या की वाढत असली तर नानी ट्रॅप (मोरीच्या जाळीखालचा), नाहीतर टाइलचे जॉइंट.

बाथरूमचा संशय असला तर ट्रॅपमध्ये कापड कोंबा अन् फरशीवर दोन इंच पाणी 24 तास उभं ठेवा. खालच्या घरी ओल वाढली तर फरशी गळून राहिली. नाही वाढली तर कापड काढून बादल्या ओता. आता वाढली तर ट्रॅप नाहीतर त्याच्या पुढचा पाइप.

लाइनसाठी प्रेशर तपासायचा हातपंप लावतो. सगळ्या नळांच्या जागी प्लग मारायचे, पाणी दाबायचं, गेजचा काटा पाहायचा. गरम लाइन वेगळी, थंडी लाइन वेगळी. काटा पडला की लोक घाबरतात. पण मेन कॉकच पूर्ण बंद होत नसला तरी काटा पडते! आधी कॉक बदला, मग भिंतीकडे पाहा.

अंबाझरी लेआउट

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे आमच्या घरात पाणी शिरलं. त्यानंतर घरातली प्रत्येक ओल पुराच्या खात्यावर. बाकी भिंती वाळल्या, रंग झाला, पण बेडरूमचा एक कोपरा काही वाळेना. पुराची रेघ कमरेएवढी होती आणि ही ओल तिच्याही वर. पाणी भिंतीतून वर चढतं हे खरं, पण मग शेजारची भिंत का कोरडी?

खूण एसीनं दिली. तो कोपरा जुलै-ऑगस्टमध्ये जास्त ओला व्हायचा, मे महिन्यात जवळपास नाहीच. आपल्याकडे मे महिन्यात हवाच कोरडी, एसीतून पाणी फारसं निघत नाही. पावसाळ्यात बादली भरते. एसीच्या पाण्याचा पाइप भिंतीतून खाली अंगणात उतरतो. त्याचं तोंड पुराच्या गाळानं गच्च बुजलं होतं, पाणी पाइपमध्ये वर चढून जोडातून भिंतीत जात होतं. म्हणजे दोष शेवटी पुराचाच, पण वेगळ्या वाटेनं.

बेसा, रो-हाउस

आमची काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगून वर. खालच्या खोलीचं स्कर्टिंग कायम ओलं असायचं. बादलीत नीळ कालवून आधी वरच्या मोरीत ओतली, बाहेरच्या ड्रेनेज चेंबरमध्ये लगेच गडद निळं पाणी. खालच्या मोरीत ओतली तर चेंबरला नुसती फिकट धार. उरलेलं गेलं कुठं? प्लिंथमधून, म्हणजे घराच्या जोत्यातून, बाहेर पडताना पाइपचा जोड सुटला होता. घर पायावर उभं, पाइप मातीवर पडलेला. माती खाली बसली तसा तोही बसला. आता प्लिंथच्या भोकात मोठ्या पाइपचा तुकडा टाकून त्यातून नेला आहे, म्हणजे हलायला जागा राहील.

धरमपेठ

नंदनवनवाले भाऊ, एक विचारायचं होतं. गरम-थंड टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यानं भिंतीतलं लीकेज दाखवतात म्हणे. बोलवावं का?

नंदनवन, प्लंबर

गरम लाइनचा संशय असला तर बोलवा. गिझर तापवून पाणी सोडलं की भिंतीतला पाइप रेघेसारखा दिसते, रेघ पसरली तिथं शोधायचं. थंड्या लाइनले तो कॅमेरा नुसती ओल दाखवते. अन् ओल तर तुम्हाले फुकटातच दिसून राहिली.