शमशोनाचं व्रत नेमकं कधी मोडलं?

प्रश्न: बायबलमधला बलाढ्य शमशोन जन्मापासून नाजीर, म्हणजे देवाला वाहिलेला व्रतस्थ. त्याने मेलेल्या सिंहातला मध खाल्ला, तिम्ना गावात सात दिवस मेजवानी झोडली. व्रत तिथेच मोडलं ना? मग त्याची शक्ती केस कापले गेल्यावरच का गेली?

प्रतिसाद १: बायबलच्या गणना या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात नाजीराला तीन बंधनं आहेत: द्राक्षाचं काहीही नको, वस्तरा नको, प्रेताला शिवायचं नाही. पण तिथलं प्रेत माणसाचं. शिवाय शमशोनाची कथा सांगणाऱ्या शास्ते या पुस्तकाचा 13वा अध्याय नीट वाचा. मद्य आणि अशुद्ध अन्न टाळायला सांगितलंय ते त्याच्या आईला. मुलासाठी अट एकच, वस्तऱ्याची. मिश्ना या प्राचीन यहुदी नियमग्रंथात तर 'शमशोनी नाजीर' असा वेगळा प्रकारच आहे. विटाळ झाला तरी त्याला अर्पण आणावं लागत नाही.

प्रतिसाद २: बरोबर. मात्र शक्ती केसांतच भरलेली होती, हा गैरसमज. शास्ते 14:6, 14:19, 15:14, तिन्हीकडे आधी परमेश्वराचा आत्मा येतो, मग पराक्रम. त्याच्या शक्तीचं गुपित काढू पाहणाऱ्या त्याच्या प्रेयसीला, दलीलेला, त्याने तीनदा खोटे उपाय सांगून फसवलं: सात ओल्या वाद्या, नवे दोर, सात बटा मागात विणणं. तिसऱ्या खेपेलाच गडी केसांवर आला होता! त्याच्या शत्रूंपैकी, म्हणजे पलिष्ट्यांपैकी, प्रत्येक सरदाराकडून चांदीचे 1,100 तुकडे मिळणार म्हटल्यावर ती कशाला सोडते?

प्रतिसाद ३: शेवटच्या प्रसंगाबद्दल थोडं: गज्जाच्या मंदिराचे दोन खांब शमशोन हातांनी पाडतो आणि छतावरच्या 3,000 माणसांसकट ते कोसळतं. तेल अवीवमधल्या तेल कासिले इथल्या पलिष्टी मंदिरात दोन लाकडी खांबांच्या दगडी बैठका सापडल्या, अंतर सुमारे 2 मीटर. म्हणजे हात पोचतात. पण ते गज्जाचं मंदिर नव्हे, आणि दालन इतकं लहान की छतावर 3,000 माणसं मावणं अशक्य. पुरावा म्हणून ते मिरवू नये.