दोन बेज सारखेच दिसतायत, कुठला लावू?

कोटावाली: बडोद्याच्या दांडिया बाजारातली खोली, 12 बाय 10, उंची 10 फूट. एकच खिडकी, उत्तरेला. खाली हिरवट कोटा फरशी, वर 6500 केल्विनची, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची ट्यूब. दोन बेज उरलेत: एकाला गुलाबी झाक आहे, दुसऱ्याला पिवळसर. एलआरव्ही (रंग किती उजेड परत फेकतो तो आकडा) 62 आणि 66. पेंटर म्हणतो, कुठलाही घ्या. आणि रंग किती लागेल?

चुना-गेरू: पिवळसर. एलआरव्हीतला चाराचा फरक भिंतीवर फारसा कळत नाही, झाक मात्र कळते. कोट्याच्या हिरव्याशेजारी गुलाबी आणखी गुलाबी दिसतो, आणि उत्तरेच्या निळसर उजेडात तोच मळकट वाटायला लागतो. शेड कार्डाचा तुकडा कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा, झाक लगेच उघडी पडेल.

चार इंची ब्रश: झाकेचं पटलं, पण त्या ट्यूबखाली पिवळसर बेज रात्री शेवाळी दिसेल. ताई, आधी ट्यूब बदला, 3000 किंवा 4000 केल्विन, म्हणजे कमी निळसर उजेडाची; सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा) 90 मिळाली तर उत्तम. मग दोन्ही रंगांचं सॅम्पल आणा. जुन्या भिंतीवर फासू नका, आजूबाजूचा रंग डोळ्याला फसवतो. 2 बाय 2 फुटी प्लायला प्रायमर, वर रंगाचे दोन हात (थर), कडेपर्यंत. एक दिवस वाळू द्या, इमल्शन वाळल्यावर गडद होतं. प्लाय उभा धरायचा, तळ कोट्याला टेकवून: सकाळी, चारच्या सुमाराला आणि दिवे लावल्यावर. खिडकीसमोरच्या भिंतीवर पाहा, तशीच खिडकीच्या भिंतीवरही. तीच सगळ्यात काळोखी असते.

डबा-झाकण: हिशेब: घेर 44, गुणिले 10, म्हणजे 440. दार-खिडकीचे 45 वजा, उरले 395 चौरस फूट. चांगल्या इमल्शनचा लिटर दोन हातांत 60-65 चौरस फूट जातो, म्हणजे साडेसहा लिटरच्या आसपास. 4 लिटरचे दोन डबे घ्या. मशीनवर टिंट करताना थेंबाचा फरक पडतो, म्हणून दोन्ही एकाच बादलीत ओतून ढवळा, नाहीतर भिंतीच्या मधोमध जोड दिसतो. उरलेल्याच्या झाकणावर शेड कोड आणि बेस (टिंट ज्यात मिसळतात तो मूळ रंग) लिहून ठेवा.

जुनी भिंत म्हणजे लांबी (पुट्टी) लागणारच. लांबीच्या ठिगळांवर प्रायमर चुकवलात तर ती रंग जास्त पितात, आणि दोन हातांनंतरही डाग दिसतात. चकाकी नको, मॅटच. शीनमध्ये भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो.

चुना-गेरू: आणि खाली लोणा (ओलीने भिंतीवर येणारा पांढरा खार) फुटला असेल तर रंग थांबवा. ओल आधी.