अनुभव धागा : तीन ते सहा वर्षांच्या पोरांना नाच शिकवताना (कोल्हापूरकरांनी जरूर लिहावं)

राजारामपुरीची नाचताई

सुरुवात मीच करते. माझा भरतनाट्यमचा वर्ग आहे, आधी फक्त मोठ्या मुलींचा होता. मग "ताई, धाकटीलापण घ्या की, घरात नुसता दंगा करते" असं म्हणत आयांनी साडेतीन-चार वर्षांची पिल्लं आणून बसवली. पहिल्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात अरमंडी (गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवून अर्धं बसणं) शिकवायला उभी राहिले. पाच मिनिटांत एक जण फरशीवर आडवा, दोघी माझ्या ओढणीत, एकीला शू. चौथी दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ आईला चिकटून. ही चौथी पुढं महिनाभर तिथंच बसली.

अरमंडी आता मी नुसती "बेडूक बसला" एवढीच ठेवली आहे. पावलं बाहेर वळवायला लावत नाही. ते वळण खुब्यातून यावं लागतं, दाबून बसवलं तर गुडघा पिळतो. मुद्रांत पताक (सपाट पंजा) आणि मुष्टी (मूठ) लगेच येतात. मयूर म्हणजे वैताग! अनामिका तेवढी वाकवून अंगठ्याला टेकवायची, बाकीची बोटं ताठ. या वयात ते बोट एकटं ऐकतच नाही. एक पोरगी दुसऱ्या हातानं बोट धरून अंगठ्यापाशी नेते, तसंच दाबून ठेवते आणि म्हणते, "झाला मोर." झाला तर झाला.

तुमचं काय?

अंगणवाडीची बाई, कसबा बावडा

ताई, तुमच्याकडं हॉल तरी आहे. आमच्याकडं एक खोली, त्यातच खाऊचं पातेलं. स्पीकर नाही. गाणं आपणच म्हणायचं, म्हणून शुक्रवारपर्यंत आवाज बसतो. मदतनीस ताई स्टीलचं ताट बडवतात. ताट वाजतंय तोवर नाचायचं, थांबलं की पुतळा. यापेक्षा चांगला ताल मला कुठल्या प्रशिक्षणात मिळाला नाही. आधी थांबायला येतं, मग ठेका येतो.

उभी फुगडी बंद केली, दोघांची डोकी आपटली म्हणून. बसफुगडी मात्र काय घालतात पोरं! उकिडवं बसणं त्यांना आपल्यापेक्षा सोपं. मी एकदा घातली, दोन दिवस जिना उतरता आला नाही. आणि चैत्रात जोतिबाची यात्रा झाली की पंधरा दिवस आमच्या खोलीत केरसुणीची सासनकाठी (यात्रेत नाचवतात ती उंच काठी) नाचते. ते कुणी शिकवावं लागत नाही. काठी उभी धरून तोल सांभाळत पाय टाकतात, अगदी बापांसारखे.

शाहूपुरी, वेस्टर्न शिकवणारा

दोन गोष्टी. पहिली, उजवा-डावा. पोरांकडं तोंड करून उभं राहिलात तर "उजवा हात" म्हणताना स्वतःचा डावा वर करा, त्यांना तुम्ही आरसा असता. मी सहा महिने उलटं शिकवलं. मग उजव्या हातावर कुंकवाचा ठिपका लावायला लागलो, तर घामानं सगळ्यांचे टी-शर्ट लाल झाले. आया माझ्यावर लाल झाल्या ते वेगळंच.

दुसरी, एक ते आठ मोजून शिकवू नका. चार वर्षांच्या पोराला आठ ही संख्या आहे, ठेका नव्हे. लंगडी साधारण चौथ्या वर्षी जमते, पाय बदलत उड्या मारत पळणं पाच-सहाला. त्याआधी ती स्टेप बसवलीत तर रडणार तुम्हीच.

एका मुलाची आई

मला जरा वेगळं बोलायचंय. शाळेचं नाव घेत नाही. पाच वर्षांच्या मुलाला गॅदरिंगसाठी सिनेमातलं गाणं, कपड्यांचं भाडं, मेकअपचे वेगळे पैसे, दीड महिना रोज तालीम. ऐन वेळी पडदा उघडला, समोर नुसता काळोख, तोंडावर दिवे. माझं पोर मधोमध उभं राहून मला शोधत होतं. घरी आल्यावर आज्जीसमोर तोच नाच अख्खा केला, चार वेळा. बाई मात्र दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "त्यानं सगळी लाइन बिघडवली."

अजून राग जात नाही.

राजारामपुरीची नाचताई

तुमचा राग बरोबर आहे. या वयाचा कार्यक्रम मी वर्गातच करते, दिवे चालू ठेवून, आईबाप जमिनीवर. तरी दोन-तीन पालक दरवर्षी विचारतातच, "स्टेज कधी?"

मंगळवार पेठेतले आजोबा

मी काय नाचातला माणूस न्हाई, कुस्तीच्या तालमीतला. नातवाला सुनेनं क्लासला घातलं, सोडायला मी जातो. बाई म्हणाल्या, "मांडीवर हळूच ताल द्या." आमच्या बहाद्दरानं उजवा हात घुमवून शड्डूच ठोकला! मागनं सगळी पोरं ठोकाय लागली. बाई हसून हसून खाली बसल्या. मला लाज वाटली, पण खरं सांगू, आवाज सगळ्यांचा एकाच वेळी आला.

राजारामपुरीची नाचताई

आजोबा, तुमचं वाचून सोमवारी वर्गात शड्डू घातला. आधी हळू, मग जोरात, मग पुतळा (बावड्याच्या ताईंचं ताट उसनं). चपलांजवळची ती उठली, मधे आली, दोन सणसणीत शड्डू ठोकले आणि परत जाऊन आईच्या मांडीवर बसली.

खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या होत्या, कुस्तीचा क्लास कधीपासून म्हणून विचारायला.