सामान्य, सुमार, सरधोपट, बेताचा : इंग्रजीत नेमका कोणता शब्द?

शाईदौत :
मराठी पुस्तक-परीक्षणं इंग्रजीत आणायचं काम चालू आहे. 'असामान्य'साठी शब्दांचा सुकाळ आहे, अडतं ते उलट्या बाजूला. सुमार, सरधोपट, बेताचा, चारचौघांसारखा, सगळ्यांना ऑर्डिनरी नाहीतर ॲव्हरेज लावलं की परीक्षणाची धार जाते. कुठे काय वापरावं, काय टाळावं? शिफारसपत्रंही भाषांतराला येतात.

कोशवेडा :
आधी सर्वांत महागात पडणारी चूक. अनएक्सेप्शनल म्हणजे खास काही नसलेलं. अनएक्सेप्शनेबल म्हणजे आक्षेप घ्यायला जागाच नाही असं. एक्सेप्शन म्हणजे अपवाद, तसाच 'टेक एक्सेप्शन'मधला आक्षेपही. हे दोन शब्द त्या दोन अर्थांवरून आले. स्पेलचेक दोन्हींना बरोबर म्हणतो, म्हणून चूक तशीच छापली जाते.

सुमारला मीडिओकर. लॅटिन मूळ 'डोंगराच्या मध्यावर' असं, म्हणजे नुसतं मधलं. आज मात्र त्यात दोष दाखवलेला असतो. आपल्या सुमारचा प्रवासही असाच. मूळ फारसी अर्थ मोजणी, अंदाज. तो 'सुमारे'त राहिला आणि 'सुमार कादंबरी'त दोष आला. इतकी चपखल जोडी सहसा मिळत नाही.

सरधोपटला रन-ऑफ-द-मिल. गिरणीतून निघालेला, प्रतवारी न केलेला माल. म्हणून ढिगाने निघणाऱ्या गोष्टींना शोभतो: रहस्यकथा, मालिका, प्रेमकथा. एखाद्या कवीला लावू नका.

शैली कल्पनाशून्य असेल तर पेडेस्ट्रियन. पायी चालणाऱ्यासाठीचा शब्द लॅटिनमध्येही रुक्ष, गद्याळ लिखाणाला लावत. विशेषण म्हणूनच वापरा, प्रोज किंवा स्टाइलच्या आधी. नाम झालं की तो पादचारी.

विचार शिळा असेल तर बनाल, आघात दुसऱ्या अक्षरावर. सरंजामी फ्रान्समध्ये गावकऱ्यांना जहागीरदाराचीच भट्टी आणि गिरणी वापरावी लागे, तिच्यासाठीचा हा शब्द. आधी 'सगळ्यांचं', मग 'शिळं'.

चारचौघांसारखा चेहरा, इमारत, कपडे : नॉनडिस्क्रिप्ट. रोजची कामं : मन्डेन.

तिठा :
प्रदेशही बघा. ऑस्ट्रेलियात 'प्रिटी ऑर्डिनरी' म्हणजे चक्क वाईट. क्रिकेट समालोचनात 'ऑर्डिनरी बोलिंग' ऐकलं तर गोलंदाजी खराब होती असंच समजायचं. 'कॉमन पीपल' ठीक, पण ब्रिटनमध्ये एखाद्या बाईला 'कॉमन' म्हटलं की ती असंस्कृत ठरते. होमली तर फारच घातक. आपल्या लग्नाच्या जाहिरातींत घरगुती वळणाची मुलगी, ब्रिटनमध्ये साधं नि ऊबदार घर, अमेरिकेत दिसायला बेताची. 'क्वाइट गुड' ब्रिटिशाला बऱ्यापैकी वाटतं, अमेरिकनाला खूप चांगलं.

शाईदौत :
आणि 'बेताचा गायक'? शिफारसपत्रात 'सर्वसाधारण विद्यार्थी' कसं न्यावं?

कोशवेडा :
बेताचा गायक म्हणजे 'ॲन इन्डिफरंट सिंगर'. नामाआधी आला तर दर्जा यथातथा. मागे 'टू' लागला की उदासीन. 'इन्डिफरंट टू म्यूझिक' असं लिहिलंत तर गायकाला संगीताचं सोयरसुतकच उरत नाही.

शिफारसपत्रात ॲव्हरेज, ॲडिक्वेट, सॅटिस्फॅक्टरी नकोतच. अमेरिकी विद्यापीठांकडे जाणाऱ्या पत्रांचा सूर मुळातच चढा असतो, त्यात हे शब्द नकारासारखे वाचले जातात. इंग्लंडमधल्या शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेडनेही 2012 मध्ये 'सॅटिस्फॅक्टरी' ही श्रेणी काढून 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट' आणली. पण भाषांतरकाराने स्तुती वाढवूही नये. पत्र लिहिणाऱ्यालाच विचारा : वर्गात कितवा, कोणता प्रकल्प, कुठे सुधारला? विशेषणाच्या जागी ते घालायला सांगा. खरं असेल तर स्टेडी, कॉन्शिएन्शस हे शब्द चालतात, आणि मध्यम गुणांच्या मुलावर अन्याय होत नाही.

तिठा :
'व्हेरी ॲव्हरेज' बोलण्यात वाईट या अर्थाने येतं. परीक्षणात आकडे असतील तिथे ॲव्हरेज फक्त सरासरीसाठी राखा, वाचकाचा गोंधळ टळेल.

शाईदौत :
'कथानक सरधोपट, भाषा सुमार.' रन-ऑफ-द-मिल प्लॉट, मीडिओकर लँग्वेज?

कोशवेडा :
प्लॉट बरोबर. साचा ठरलेला आहे असं म्हणायचं असेल तर फॉर्म्युलेइक अधिक नेमका. दुसरा भाग बदला. 'मीडिओकर लँग्वेज' ऐकून भाषा म्हणजे मराठीच सुमार असा भास होतो. इथे 'भाषा' म्हणजे लेखन, म्हणून पेडेस्ट्रियन प्रोज.