निकाल थांबवा, आधी प्रश्न पुन्हा वाचा

(३० एप्रिल, रात्री. सोसायटीचा ग्रुप.)

मीनल, बी-३०४ (९:४०)
नमस्कार मंडळी. महाराष्ट्र दिनाची ऑनलाइन प्रश्नमंजुषा आत्ताच संपली. वीस प्रश्न, प्रत्येकाला वीस सेकंद. पहिला क्रमांक राजेशदादा (सी-४०१), दुसरा ओंकार (ए-५०३), तिसऱ्या नेहाताई (ए-२०४). उद्या सकाळी ८ ला झेंडावंदन आणि लगेच बक्षिसं. सगळ्यांचं मनापासून अभिनंदन.

राजेश, सी-४०१
धन्यवाद मीनल. खूप छान झाला कार्यक्रम. मुलांनाही मजा आली.

अविनाश काका, ए-१०१ (९:४८)
राजेश, अभिनंदन. मीनल, तू घेतलेली मेहनत दिसते आहे, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण प्रश्न ७ वर माझी हरकत आहे. प्रश्न होता, "भारतात पहिली रेल्वे कधी धावली?" पर्याय १८३७, १८५३, १८५७, १८६७. मी १८३७ दाबलं आणि लाल फुली आली.

मीनल
काका, १८५३ ना? बोरीबंदर ते ठाणे. आपल्या ठाण्याचीच तर गोष्ट आहे.

अविनाश काका
ती पहिली प्रवासी गाडी. १६ एप्रिल १८५३, चौदा डबे, साधारण ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, अंतर ३४ किलोमीटर. जन्मभर रेल्वेत नोकरी केली, हे मला झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. पण त्याआधी १८३७ मध्ये मद्रासजवळ रेड हिल्स रेल्वे चालू झाली होती, रस्त्याच्या कामाचा दगड वाहायला. १८५१ मध्ये रुडकीला गंगेच्या कालव्याच्या कामावर मातीच्या वाघिणी (मालडबे) ओढायला इंजिन आणलं होतं. तुझ्या प्रश्नात "प्रवासी" हा शब्दच नाही. आणि पर्यायांत १८३७ ठेवलेलं. मला वाटलं, मुद्दाम ठेवलं असेल, माहितगाराला ओळखायला.

मीनल
नाही हो काका. मी १८५३ च्या मागचे-पुढचे आकडे घातले फक्त. १८३७ ला काही घडलं होतं हे मला खरंच माहीत नव्हतं. आणि मूळ प्रश्नात "प्रवासी" होतं. मोबाइलच्या स्क्रीनवर प्रश्न तीन ओळींत जात होता, म्हणून मी शब्द कमी केले.

राजेश
काका, तुमचा मान राखून सांगतो. महाराष्ट्र दिनाची स्पर्धा आहे, ठाण्यातली सोसायटी आहे. पहिली रेल्वे म्हटल्यावर कुणाच्याही डोळ्यांसमोर बोरीबंदर-ठाणेच येतं. प्रश्न सगळ्यांना एकच होता. निकाल लागल्यावर एकेक प्रश्न उकरायला लागलो तर कुठलीच स्पर्धा पूर्ण होणार नाही.

अविनाश काका
राजेश, मला एका प्रश्नाचे गुण नकोत. वीस सेकंदांतली बारा-तेरा सेकंदं मी काय केलं ते सांगतो. मी उत्तर शोधत नव्हतो, उत्तरं दोन्ही माझ्याकडे होती. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय असेल ते शोधत होतो. ज्याला फक्त १८५३ माहीत आहे तो दोन सेकंदांत दाबून मोकळा होतो, आणि या अ‍ॅपमध्ये लवकर दाबलं की जास्त गुण. म्हणजे ज्याला कमी माहीत आहे त्याला हा प्रश्न सोपा गेला. हे मला खटकतंय.

सचिव, बी-२०१
मध्येच लिहितोय, क्षमस्व. उद्या टाकी साफ करणार असल्याने पाणी सकाळी सातपर्यंतच. कृपया भरून ठेवा.

नेहा, ए-२०४ (१०:०२)
काकांचं लिहिणं वाचून धीर आला. आमच्या ईराचंही तसंच झालं. प्रश्न ११, "पहिली भारतीय महिला डॉक्टर कोण?" पर्याय आनंदीबाई जोशी, कादंबिनी गांगुली, रखमाबाई, सावित्रीबाई फुले. तिने शाळेच्या प्रकल्पासाठी कादंबिनींवर लिहिलं होतं, म्हणून तिने कादंबिनी दाबलं. चूक आलं. तेव्हापासून रडवेली झाली आहे, "मग मी प्रकल्पात खोटं लिहिलं का?" विचारते आहे.

वैशाली, सी-२०२
नेहा, ईराला सांग, तिने खोटं लिहिलेलं नाही. आनंदीबाईंना फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये एम.डी. मिळाली. त्याच वर्षी कादंबिनींनी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजमधलं शिक्षण पूर्ण केलं. पुढे त्यांनी अनेक वर्षं रुग्ण तपासले. आनंदीबाईंना ते मिळालंच नाही. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती, पण क्षयाने गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. बावीसही पूर्ण नव्हती. जन्म आपल्या इथला, कल्याणचा, म्हणून आपल्याला त्यांचं नाव आधी आठवतं आणि ते स्वाभाविक आहे. पण "डॉक्टर" म्हणजे पदवी मिळवलेली की व्यवसाय केलेली, हे प्रश्नाने सांगायला हवं होतं. रखमाबाईंनीही पुढे सुरत-राजकोटला कितीतरी वर्षं डॉक्टरकी केली. चारपैकी तीन पर्यायांच्या बाजूने बोलता येईल, असा प्रश्न झाला हा.

नेहा
ताई, हे जसंच्या तसं वाचून दाखवलं तिला. आता शांत झाली.

सुधा मावशी, बी-१०२ (१०:०९)
मी गप्प बसणार होते, पण आता लिहिते. शेवटचे पाच प्रश्न टाइप करायचे होते. "महाराष्ट्रात जिल्हे किती?" मी ३६ लिहिलं. चूक आलं. उत्तर ३६ च दाखवलं. मग माझं काय चुकलं?

मीनल
थांबा मावशी, बघते.

मीनल
मावशी, तुम्ही मराठी आकड्यांत लिहिलंय. मी उत्तर इंग्रजी आकड्यांत भरलं होतं. मशीनला दोन्ही वेगळी वाटतात. माझं लक्षच गेलं नाही.

सुधा मावशी
महाराष्ट्र दिनाच्या स्पर्धेत मराठी आकडा चूक ठरला. मला वाईट वाटलं बाळा. तुझ्यावर राग नाही. पण फार वाईट वाटलं.

ओंकार, ए-५०३
मीनलताई, राज्यप्राण्याच्या प्रश्नातही तसंच झालं असेल. कुणी "शेकरु" लिहिलं असेल तर?

मीनल
हो. नऊ जणांचे गुण गेलेत त्यात. पाच जणांनी रु ऱ्हस्व काढलाय, दोघांनी "शेखरू" लिहिलंय, आणि दोघांच्या शब्दानंतर एक रिकामी जागा राहिली आहे.

वैशाली
मराठीची शिक्षिका म्हणून मी मुलांकडून शेवटचा ऊ दीर्घच लिहून घेते, त्यात सूट देत नाही. पण ही शुद्धलेखनाची परीक्षा नव्हती. विचारलं होतं, प्राणी कोणता. नऊही जणांना प्राणी माहीत आहे. नऊ जणांना गुण द्यायला हवेत असं माझं स्पष्ट मत आहे.

राजेश
शेकरू आणि ३६ बद्दल माझं काहीच म्हणणं नाही. ती मशीनची अडचण आहे, माणसाची नाही. ते दुरुस्त कराच. पण रेल्वे आणि डॉक्टरच्या प्रश्नांत उत्तरं बदलली तर उद्या प्रत्येक जण इंटरनेटवर काहीतरी शोधून आणेल. कुठे थांबायचं ते ठरवा.

ओंकार (१०:२१)
राजेशदादा, हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर मोठ्या परीक्षांनी शोधलेलं आहे, म्हणून जरा लांब लिहितो. एमपीएससीत परीक्षा झाली की पहिली उत्तरतालिका येते. ती अंतिम नसते. ठरलेल्या मुदतीत हरकती घ्यायच्या, पण नुसतं "मला वाटतं" चालत नाही, पुरावा जोडावा लागतो. मग तज्ज्ञ बघतात आणि अंतिम उत्तरतालिका लागते. त्यात काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. आम्ही अभ्यास करणारी मुलं त्या दिवसाची निकालाइतकीच वाट बघतो.

आणि एक शब्द काय करू शकतो ते सांगतो. २०२४ च्या नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्रात अणूबद्दल दोन विधानं होती. एक विधान "प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात" अशा अर्थाचं होतं. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात "प्रत्येक" होतं, नव्यात "बहुतेक" झालं. जुनं पुस्तक वाचलेल्यांनी एक पर्याय निवडला, नवं वाचलेल्यांनी दुसरा. परीक्षा घेणाऱ्यांनी आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांना विचारलं, त्यांनी सांगितलं की बरोबर उत्तर एकच, "बहुतेक" वाल्यांचं. आधी पूर्ण ७२० गुण मिळालेले ६७ जण होते, त्यातल्या ४४ जणांचे पूर्ण गुण या एका प्रश्नावर उभे होते. ते गेले.

म्हणून मला वाटतं, वाद झाला की दोन्ही उत्तरांना सरसकट गुण देऊन टाकणं हाही न्याय नाही. प्रत्येक प्रश्न वेगळा बघायला लागेल. लिहिलेल्या शब्दांप्रमाणे दोन उत्तरं खरोखर बरोबर असतील तर दोन्हींना गुण. एकही बरोबर नसेल तर प्रश्न रद्द. आणि शब्द स्पष्ट असतील तर हरकत फेटाळायची, मग ती कुणाचीही असो.

राजेश
हे पटलं. पुराव्याची अट असेल तर माझी हरकत नाही.

अविनाश काका
ओंकार, छान मांडलंस रे.

मीनल
मग आजच करू. सकाळी बक्षिसं आहेत. वैशालीताई, ओंकार आणि अविनाश काका, तुम्ही तिघे बघाल का?

अविनाश काका
माझी स्वतःची हरकत आहे, मी बघणं योग्य नाही. माझ्याऐवजी राजेशला घ्या.

राजेश
काका, माझाही पहिला नंबर पणाला आहे. सुधामावशींना घ्या.

सुधा मावशी
चालेल. माझा ३६ चा प्रश्न मीनलने मान्य केलाच आहे.

प्रसाद, सी-१०३ (१०:३०)
मग माझीही एक. "ठाणे जिल्ह्यात किती तालुके आहेत?" मी १५ लिहिलं, माझ्याकडच्या पुस्तकात तेच आहे. पानाचा फोटो टाकतो.

ओंकार
प्रसाददादा, पुस्तक १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचं असणार. त्या दिवशी पालघर वेगळा झाला आणि आठ तालुके तिकडे गेले. प्रश्नात "आहेत" लिहिलंय, म्हणजे आजचे. सात.

प्रसाद
हो, पुस्तक २००९ चं आहे. हरकत मागे घेतो.

वैशाली (१०:३४)
आता प्रश्न ४. "भारताची राष्ट्रभाषा कोणती?" पर्याय हिंदी, संस्कृत, इंग्रजी, मराठी. मीनल, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचला. राज्यघटनेत राष्ट्रभाषा असं काही नाहीच. अनुच्छेद ३४३ मध्ये संघराज्याची राजभाषा म्हणून देवनागरी लिपीतली हिंदी आहे, आणि आठव्या अनुसूचीत आपल्या मराठीसह २२ भाषा आहेत. राजभाषा म्हणजे कारभाराची भाषा. एका शब्दाचा फरक आहे, पण आपल्याच मुलांना आपण महाराष्ट्र दिनाला हे शिकवायचं नाही. मी वीस सेकंद काहीच दाबलं नाही, कारण दाबण्यासारखं काही नव्हतं.

मीनल
ताई, खरंच माफ करा. शाळेपासून तसंच ऐकलं होतं, तपासावं असं वाटलंच नाही.

राजेश
मी हिंदी दाबून गुण घेतलेत. रद्द करा. यात माझं दुमत नाही.

ओंकार
प्रश्न १५, "मराठी दिन कधी असतो?" उत्तर २७ फेब्रुवारी धरलंय. तो मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांची जयंती. १ मे हा मराठी राजभाषा दिन. पर्यायांत दोन्ही आहेत. प्रश्नात "गौरव" पण नाही, "राजभाषा" पण नाही.

सुधा मावशी
दोन्हींना गुण. आणि उद्याच १ मे आहे, उद्याचाच दिवस चूक कसा ठरवायचा?

वैशाली
मान्य. २१ फेब्रुवारीला मात्र नाही, तो जागतिक मातृभाषा दिन, सगळ्याच भाषांचा.

राजेश (१०:४३)
चित्रपटाच्या प्रश्नावर मात्र मी ठाम आहे. "पहिला मराठी चित्रपट" म्हणजे राजा हरिश्चंद्र. मे १९१३, दादासाहेब फाळके. यात कसली शंका?

वैशाली
राजा हरिश्चंद्र मूकपट होता. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून त्याचा मान मोठाच आहे. पण मराठी बोललेला पहिला चित्रपट अयोध्येचा राजा, १९३२, प्रभातचा. आणि १९१२ चा पुंडलिक ही पर्यायात होता.

राजेश
पुंडलिक हे नाटकाचं चित्रण होतं. आणि मूकपट असला तरी फाळके मराठी, त्र्यंबकेश्वरचे. मराठी माणसाने काढलेला पहिला चित्रपट तो मराठीच.

वैशाली
मग "मराठी माणसाने काढलेला" असं लिहायला हवं होतं, आणि तरी दादासाहेब तोरणे मराठीच होते, पुंडलिक त्यांचा. तुमचं म्हणणं समजतं राजेशदादा, पण ते प्रश्नात लिहिलेलं नाही.

ओंकार
तिन्ही पर्यायांना काही ना काही आधार आहे. आम्ही तिघांनी ठरवलं, हा रद्द.

राजेश
मला हे पटलेलं नाही. तिघांना मान्य असेल तर ऐकतो, पण माझं मत नोंदवून ठेवा.

मीनल
नोंदवलं दादा.

मीनल (११:०५)
तिघांनी दिलेला निर्णय लिहिते. प्रश्न ४ आणि चित्रपटाचा प्रश्न रद्द. रेल्वेत १८३७ आणि १८५३ दोन्ही ग्राह्य. डॉक्टरच्या प्रश्नात आनंदीबाई आणि कादंबिनी दोघी. मराठी दिनात २७ फेब्रुवारी आणि १ मे. शेकरू कसाही लिहिलेला चालेल, आकडे कुठल्याही लिपीतले चालतील. तालुक्यांचं उत्तर ७ कायम. काकांनी सांगितल्याप्रमाणे वेगाचे गुण काढून टाकलेत, बरोबर उत्तराला सरळ एक गुण. १८ पैकी सुधामावशी १७, राजेशदादा १७, अविनाश काका १६, ओंकार १६, नेहाताई आणि ईरा १५. पहिला क्रमांक दोघांना, दुसरा दोघांना, तिसरा मायलेकींना. बक्षिसाची पुस्तकं कमी पडतील, तीन मी माझ्याकडची आणते. काही चुकलं असेल तर साडेअकरापर्यंत सांगा.

नेहा
ईरा अजून जागीच आहे. तिने विचारलंय, पुढच्या वेळी प्रश्न आधी तिला वाचायला द्याल का? तिला नाही समजला तो बदलायचा, असं म्हणते.

मीनल
नक्की देईन. ईराला, काकांना आणि वैशालीताईंना. आणि "प्रवासी" शब्द आता कापणार नाही, ओळी तीन होऊ देत नाहीतर चार.

राजेश
माझं काही नाही. मावशी, अभिनंदन.

सुधा मावशी
तुझंही राजेश.

अविनाश काका (११:१८)
माझी हरकत नाही. खुर्च्या लावायला साडेसातला खाली येतो. पाणी सातला जाणार आहे, अंघोळी लवकर उरका.