गुंगी की वेदनाशमन?

एका अर्काच्या प्रयोगावरून असा दावा केलाय: अर्क दिल्यावर उंदीर पाण्यात कमी वेळ निश्चल राहिले म्हणजे नैराश्यावर गुण आला, आणि तापलेल्या पृष्ठावर पंजा उशिरा चाटला म्हणजे वेदना शमली. यातल्या दुसऱ्या निष्कर्षापाशी मी अडतो. गुंगी आलेला किंवा स्नायू ढिले पडलेला प्राणीही पंजा उशिराच उचलतो, मग वेदना तेवढीच का असेना. पहिल्यातही तीच अडचण आहे: संशोधक पोर्सोल्ट यांनी 1977 साली मांडलेल्या सक्तीच्या पोहण्याच्या चाचणीत कॅफिन, अ‍ॅम्फेटामिनसारखी उत्तेजकंसुद्धा निश्चलता कमी करतात. म्हणून त्याच मात्रेवर मोकळ्या रिंगणातली हालचाल आणि रोटारॉडवरचा, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा तोल मोजायलाच हवा. हे आकडे नसतील तर मी तरी निष्कर्ष मान्य करणार नाही.

अजून एक. अर्क ज्या द्रावकात विरघळवला तो नुसताच दिलेला गट ठेवला होता का? अल्कोहोल असेल तर गुंगी त्याचीही असू शकते. आणि परिणाम खरा निघालाच, तर आधी नॅलॉक्सोन, म्हणजे ओपिऑइड (अफूसारख्या) द्रव्यांचा परिणाम अडवणारं औषध, टोचून पुन्हा चाचणी घ्यावी. वेदनाशमन नाहीसं झालं तर अर्क ओपिऑइड ग्राहींमार्फत, म्हणजे ही द्रव्यं पेशींवर जिथे चिकटतात त्या जागांमार्फत, काम करतोय, असं म्हणायला आधार मिळतो.